चेहरा सोडून बाकी सगळं : बायबलवर चित्र काढू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

साहित्य

कॅनव्हास अडीच बाय तीन फूट. याहून मोठा घेऊ नका. रिक्षात आडवा जात नाही आणि उभा धरला तर रिक्षावाला मीटरवर येत नाही. रंगांत यलो ऑकर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, थोडा लाल. पांढरा मात्र दुप्पट घ्या, का ते पुढे कळेल. दुकानदाराला विषय सांगितलात की तो आपण होऊन सोनेरी रंगाची बाटली काउंटरवर ठेवील. ती परत सरकवा. पुसायला जुनी बनियन, बसायला स्टूल, आणि एक बायबल.

बायबल शक्यतो घरातलं, वापरलेलं असावं. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर हाती लागलं तर नशीब. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ मिळालं तर वाचायला सोपं. दोन्ही नसलं तर काळ्या कव्हरचं, लाल कडांचं ते नेहमीचं, जे आमच्या नगरकडे प्रत्येक ख्रिस्ती घरात शिलाई मशीनच्या शेजारी असतं आणि ज्यात गॅसचं पुस्तक, वाळलेलं पिंपळपान आणि कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचा दाखला असतो.

ते उघडू नका.

पुस्तक न उघडण्याची कारणं

नवशिक्यांचा असा समज असतो की येशूचं चित्र काढायचं तर तो दिसायला कसा होता हे पुस्तकात पाहावं. मीही पाहिलं होतं. चारही शुभवर्तमानं ओळीनं वाचली, हातात पेन्सिल घेऊन. उंची नाही. रंग नाही. डोळे, नाक, दाढी, केसांची लांबी, काही नाही. चौघांनी मिळून एकाच माणसाबद्दल लिहिलं आणि चौघेही चेहरा सांगायला विसरले.

बरं, त्यांना बारीकसारीक सांगायची सवय नव्हती म्हणावं तर तसंही नाही. पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा लोक बसले ते गवत हिरवं होतं, हे मार्क आवर्जून सांगतो. येशूला पकडलं तेव्हा एक पोरगा अंगावरचं तागाचं वस्त्र पकडणाऱ्यांच्या हातात सोडून उघडाच पळाला, हेही तोच सांगतो, आणि तो पोरगा कोण हे मात्र सांगत नाही. योहानाला काठावरचा कोळशाचा विस्तव दिसला, त्यावरची मासळी दिसली, जाळ्यातले मासे तर त्यानं मोजले: १५३. अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता, हे लिहिलं. तो ज्यानं घातला त्याचे खांदे रुंद की अरुंद, ते नाही. आणि वादळाची गोष्ट. नाव बुडायला आली आहे, शिष्य ओरडताहेत, येशू मागच्या बाजूला झोपला आहे, आणि मार्क म्हणतो, डोक्याखाली उशी होती.

उशी आहे. चेहरा नाही.

जुन्या करारात यशया सांगून ठेवतो की त्याला पाहून डोळे खिळावेत असं रूप त्याला नव्हतं. शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, एकदाचं वर्णन येतं: केस लोकरीसारखे पांढरेशुभ्र, डोळे आगीच्या ज्वाळांसारखे, पाय भट्टीतल्या पितळेसारखे. यावरून चित्र काढून पाहा. कोणत्या चर्चमध्ये लावू देतात ते मला कळवा.

चेहरा कुठून आणावा

सर्वांत सोपा मार्ग कॅलेंडरचा. वॉर्नर सॉलमन नावाच्या शिकागोच्या जाहिरात-चित्रकारानं १९४० मध्ये येशूचं एक डोकं रंगवलं: तपकिरी केस मागे वळवलेले, नजर वर, चेहऱ्यावर फोटो स्टुडिओतला उजेड. त्याच्या कोट्यवधी प्रती छापल्या गेल्या. आमच्या घरातही एक होती, ट्यूबलाइटच्या खाली. शाळेत भरतीच्या अर्जाला लावतात तसा तो फोटो आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं, आणि येशू हा मिशनच्या दवाखान्यात पूर्वी होऊन गेलेला कुणी गोरा डॉक्टर असावा.

दुसरं कॅलेंडर दाराचं. विल्यम होल्मन हंटनं १८५० च्या सुमारास काढलेलं: रात्र आहे, हातात कंदील घेऊन येशू दार ठोठावतो आहे, आणि दाराला बाहेरून कडी नाही. कडी आतल्या बाजूला, म्हणजे उघडायचं ते तुम्हीच, असा अर्थ रविवारच्या शाळेत दर वर्षी सांगायचे. आमची आजी, तिला आम्ही सगळे ‘बाई’ म्हणायचो, या चित्रावर खूश नव्हती. तिचं म्हणणं, कडीचं कळलं, पण दारात एवढं रान माजेपर्यंत घरातली माणसं करत काय होती? चित्रात दारासमोर खरंच कमरेएवढं गवत आहे. कलासमीक्षकांनी या चित्रावर पानंच्या पानं लिहिली आहेत. पण हातात विळा घेऊन चित्र पाहणारी बाई मी एकच पाहिली.

तेव्हा नवशिक्यांनी कॅलेंडरवरून उतरवावं. कुणी काही बोलत नाही. चौकोन आखून घ्या, एकेक चौकोन उतरवा, केस थोडे सावळे करा म्हणजे ‘भारतीय शैली’ होते. ज्यांनी हे केलं नाही त्यांचं काय झालं ते खाली देत आहे. इशारा म्हणून वाचा.

इशारा पहिला : साडी

अँजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गोव्यातलं सांतु इस्तेव बेट. मुंबईत डॉक्टरीचा अभ्यास सुरू केला, सोडला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेले, तेही सोडलं आणि शांतिनिकेतन गाठलं. तिथे अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या वळणाची वॉश पद्धत शिकले. ही पद्धत नवशिक्यांनी घरी करून पाहायला हरकत नाही, बादली स्वच्छ असली म्हणजे झालं. कागदावर जलरंग लावायचा; वाळला की अख्खा कागद पाण्यात बुडवायचा, सुटा रंग निघून जाऊ द्यायचा; पुन्हा रंग, पुन्हा पाणी. आठदहा वेळा असं केलं की रंग कागदात मुरतो, लिंबाच्या लोणच्यात मीठ मुरावं तसा. रेघा धूसर होतात आणि चित्रात पहाट झाल्यासारखी वाटते. घाई करणाऱ्याचा मात्र कागद फाटतो.

हे सगळं शिकून फोन्सेका गोव्यात परतले आणि त्यांनी मरियेला साडी नेसवली.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य. तिथल्या देवळांतल्या मरिया गोऱ्या, गुलाबी गालांच्या, निळ्या झग्यातल्या. आणि इथे ही सावळी बाई, डोक्यावर पदर, मांडीवर मूल. लोक बिघडले. ज्या बायका स्वतः कापड नेसून मिस्साला जात त्यांनासुद्धा देवाच्या आईनं आपल्यासारखं दिसावं हे रुचलं नसावं, असं मला वाटतं. देवाची आई थोडी परदेशी असलेलीच बरी. फोन्सेका गोवा सोडून निघाले. त्यांना आसरा मिळाला पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. आश्रम अँग्लिकनांचा, माणूस कॅथलिक. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास यांच्यासारखी मोजकी माणसं पाठीशी होती. १९६७ मध्ये जाईपर्यंत ते रंगवत राहिले: गब्रीएलानं आणलेला निरोप, गव्हाणीतलं मूल, संत, आणि मरिया, मरिया, मरिया.

१९५१ मध्ये त्यांचं लग्न झालं, आणि पुढच्या चित्रांतल्या मरियेला बायकोचा चेहरा आला. पुस्तकात शोधून न सापडणारी गोष्ट त्यांना घरात सापडली, हे नवशिक्यांनी नोंदवून ठेवावं आणि लगेच विसरावं.

त्यांची बरीच चित्रं आता पर्वरीला, झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. म्हणजे साडीतली मरिया शेवटी गोव्यात परतली. पुणेकरांना ती इतकी वर्षं शिवाजीनगरला राहत होती हे फारसं कळलं नाही; त्यांचं लक्ष बसस्टँडकडे होतं.

इशारा दुसरा : काटे

फ्रान्सिस न्यूटन सूझा. हेही गोव्याचे, साळगावचे, जन्म १९२४. लहानपणी देवी आल्या. आईनं सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला की पोर वाचलं तर पाद्री करीन, आणि नावात फ्रान्सिस जोडलं. पोर वाचलं, पाद्री झालं नाही. शाळेतून काढलं, मग जे. जे. मधूनही काढलं. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करण्यात पुढे, १९४९ मध्ये लंडनच्या वाटेवर.

त्यांचं १९५९ चं ‘क्रूसिफिक्शन’ लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. कॅलेंडरच्या सवयीनं बघायला गेलात तर दोन पावलं मागे सराल. काळ्या, जाड, खरवडल्यासारख्या रेघा. अंग म्हणजे बाभळीची फांदी. तोंडात दातांची कवळी आवळलेली. या चित्रावर श्रद्धाळू माणसं रागावतात आणि मला त्यांचा राग समजतो. पण एकदा गुड फ्रायडेला तीन तासांची उपासना संपवून घरी आलो, पुस्तकात हे चित्र उघडलं, आणि वाटलं की त्या दिवशी ऐकलेल्या सात प्रवचनांपेक्षा खिळ्यांची बातमी याला जास्त पक्की होती. सूझांचा चर्चवरचा राग जन्मभर टिकला. येशूचं चित्र काढायचंही त्यांनी जन्मभर सोडलं नाही. नवस कुणी कसा फेडावा याची पद्धत ठरलेली नसते.

देवदूत : पंखांचा खर्च

आता थोडा सोपा भाग. देवदूत काढताना नवशिके पंखांत अडकतात. पंख बगळ्याचे की कबुतराचे, खांद्याला कुठे जोडायचे, झग्याला मागून भोकं पाडायची का. यावर हेन्री ओसावा टॅनर या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकारानं १८९८ मध्ये काढलेला तोडगा बघा. वडील आफ्रिकन मेथॉडिस्ट चर्चचे बिशप. अमेरिकेतल्या वर्णद्वेषाला कंटाळून पॅरिसला जाऊन राहिला, आणि बायबलचे विषय काढायचे तर तो मुलूख पाहावा म्हणून १८९७ मध्ये पॅलेस्टाइनला जाऊन आला.

त्याच्या ‘अनन्सिएशन’ चित्रात एक पोरसवदा मुलगी अंथरुणाच्या कडेवर बसली आहे. नुकतीच झोपेतून उठलेली, अंगावर गावाकडचा चुरगळलेला पट्ट्यापट्ट्यांचा झगा, केस काळे, हात मांडीत एकमेकांत गुंतवलेले. डोक्यामागे तेजोवलय नाही. झग्याखालून पायाची बोटं डोकावतात. खाली सतरंजी एका कोपऱ्यात गोळा झालेली, जशी आपल्याकडे पाहुणा अवेळी आला की असते. आणि देवदूत? डावीकडे, जमिनीपासून वर गेलेला उजेडाचा एक खांब. पंख नाहीत, हात नाहीत, तोंड नाही. वेल्डिंगच्या ठिणगीकडे पाहावं तसा तो पांढरा-पिवळा पेटला आहे, आणि ती मुलगी मान किंचित तिरकी करून त्याच्याकडे बघते आहे. घाबरलेली आहे का? थोडी. त्याहून जास्त ती हिशेब करते आहे असं वाटतं: हे घरी कसं सांगायचं. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयानं ते चित्र पुढच्याच वर्षी विकत घेतलं.

तेव्हा पंख टाळा. पण मग मुलीचे पाय नीट काढावे लागतात, आणि पाय पंखांहून अवघड असतात.

शेजाऱ्यांविषयी दक्षता

स्टॅन्ली स्पेन्सरला इंग्लंडमधलं आपलं थेम्सकाठचं कुकम गाव एवढं आवडे की यरुशलेमची त्याला गरजच पडली नाही. कॅनव्हास आणि रंग जुन्या बाबागाडीत घालून तो गावभर ढकलत न्यायचा. १९२४ ते १९२७ त्यानं एक पुनरुत्थान रंगवलं, नऊ फूट बाय अठरा फूट, म्हणजे रिक्षाचा प्रश्नच नाही. कुकमच्या चर्चच्या आवारातली थडगी उघडताहेत आणि त्यांतून ओळखीची माणसं बाहेर येताहेत. कुणी कपडे झटकतं आहे, कुणी दगडाला रेलून शिळोप्याचं बसलं आहे. चित्रकाराची प्रेयसी हिल्डा, जिच्याशी त्यानं याच काळात लग्न केलं, ती आहे. तो स्वतः नागवा उभा आहे. शेवटच्या दिवसाची घाई कुणालाच नाही.

हे नगरला करू नये. मी एकदा कच्चा आराखडा काढला होता आमच्या कबरस्तानाचा, बाभळी, तुटकं कुंपण, पलीकडे एस.टी.चा थांबा. कोण कोणाच्या शेजारून उठणार यावर घरात दोन दिवस भांडण झालं. काकांचं म्हणणं, धाकट्या काकांना एवढं पुढे का घेतलं.

स्पेन्सरचं दुसरं एक चित्र मला या मोठ्या चित्राहून जास्त आवडतं. येशू चाळीस दिवस रानात होता आणि जंगली जनावरांबरोबर होता, असं मार्कात अर्ध्या ओळीत येतं. स्पेन्सरनं ठरवलं, चाळीस दिवसांची चाळीस चित्रं. लग्न मोडलेलं, खिशात पैसे नाहीत, लंडनमधली भाड्याची एकच खोली. चाळिसांपैकी आठ झाली. त्यांतल्या १९३९ च्या एका चित्रात येशू जमिनीवर फतकल मारून बसला आहे. चांगला जाडजूड, पोट सुटलेला, अंगावर पांढरा झगा तंबूसारखा पसरलेला. ओंजळीत विंचू. आणि तो त्या विंचवाकडे असा पाहतो आहे, जसं कुणी दुसऱ्याचं लहान मूल हातात दिल्यावर पाहावं: पडू नये, चिडू नये. विंचवाची नांगी वर आहे. येशूच्या चेहऱ्यावर कीव आहे की थकवा, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. बाजारातून पिशव्या घेऊन आलेल्या, जिन्यात दम खायला थांबलेल्या माणसाचा तो चेहरा आहे. यशयानं सांगितलं तसं खिळवणारं रूप त्याला नाही. मी मात्र खिळलो.

भाकरी, पाव आणि कमिटी

इथे स्वतःचा अनुभव सांगणं भाग आहे.

एका चर्चच्या नव्या हॉलसाठी शेवटच्या भोजनाचं चित्र हवं होतं. कोणतं चर्च ते सांगत नाही, तिथे अजून माझ्या घरच्यांना जावं लागतं. मी उत्साहानं काढलं. वरची खोली म्हणजे आमच्याकडची माडी, कोनाड्यात चिमणी, खाली चटईवर गोल बसलेली तेरा माणसं, मधे ताटात ज्वारीची भाकरी. भाकरीवर माझी फार मेहनत झाली होती. पापुद्रा कुठे सुटतो, तव्यावरचे करपट ठिपके कसे पडतात, कडेला पिठाची बोटं कशी उमटतात. यलो ऑकरमध्ये किंचित काळा आणि पांढरा कालवून दोन आठवडे मी भाकरी रंगवत होतो. पेत्र राहिला तरी चालेल, भाकरी चुकता कामा नये.

कमिटी पाहायला आली. पाळकसाहेब, खजिनदार, महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, तरुण संघाचा सेक्रेटरी आणि एक निवृत्त हेडमास्तर.

खजिनदार म्हणाले, “भाकरी कशाला काढलीत?”

म्हटलं, “पुस्तकात भाकरच आहे, साहेब. रोजच्या प्रार्थनेत आपण भाकरच मागतो.”

“पुस्तकात असू द्या. चित्रात पाव पाहिजे.”

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. “भोजन वल्हांडणाचं आहे. वल्हांडणाला बेखमीर भाकरी. पावाला खमीर लागतं. शास्त्राप्रमाणे पाव चूक, हा म्हणतो ते बरोबर.”

मला हेडमास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, “बरोबर असेल हो, पण पाहुणे येतात मुंबईचे. दुष्काळी कामावरचं जेवण वाटतंय.” सेक्रेटरी म्हणाला, “पिझ्झा बेससारखं काढता येईल का?” खजिनदारांनी मधला मार्ग सुचवला: पोळी. पाळकसाहेब इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “यहूदा कोणता?” मी दाखवला. ते म्हणाले, “हा तर आपल्या खजिनदारांसारखा दिसतो.” देवाशपथ मी मुद्दाम केलं नव्हतं.

आज त्या हॉलमध्ये लिओनार्दो दा विंचीच्या चित्राचा फ्लेक्स आहे, दहा बाय चार. त्यात टेबलावर छान फुगलेले पाव आहेत, म्हणजे लिओनार्दोनंही हेडमास्तरांना विचारलं नव्हतं. मला रंगांचे पैसे मिळाले. भाकरीचं चित्र घरी आहे, पाठ भिंतीकडे.

असं नाकारलं जाणं फार जुनं. पॉल गोगँनं १८८८ मध्ये फ्रान्समधल्या ब्रेतान्यच्या बायका रंगवल्या: प्रवचन ऐकून बाहेर पडलेल्या, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, आणि डोळे मिटल्यावर त्यांना लालभडक जमिनीवर याकोब देवदूताशी कुस्ती खेळताना दिसतो. चित्र त्यानं जवळच्या गावच्या चर्चला फुकट देऊ केलं. पाद्रीबाबांनी घेतलं नाही. आज ते एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात आहे आणि तिथे पाहायला माणसं विमानानं जातात.

जपानच्या सादाओ वातानाबेंना मात्र ताटाचा प्रश्न पडलेला दिसत नाही. सतराव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, किमोनोचं कापड छापण्याची स्टेन्सिलची पद्धत उचलली आणि चुरगाळून मऊ केलेल्या हातकागदावर बायबल छापत गेले. त्यांच्या शेवटच्या भोजनात शिष्यांचे डोळे जपानी आहेत, आणि ताटात मासा आहे, कारण जपानमध्ये सणाला मासा असतो. आपली चित्रं साध्या माणसांच्या उठण्याबसण्याच्या जागी लागावीत अशी त्यांची इच्छा होती. लागली, आणि व्हाइट हाउसमध्येही लागली. तिथे बहुधा कमिटी नव्हती.

श्रद्धा किती असावी

हा प्रश्न नवशिके हमखास विचारतात आणि याचं उत्तर देताना माझी गाडी अडते. जर्मनीचा एमिल नोल्दे श्रद्धेच्या झटक्यात रंगवायचा. त्यानं १९११-१२ मध्ये येशूचं आयुष्य नऊ चित्रांत मांडलं, पेटलेल्या रंगांत. हाच नोल्दे नाझी पक्षाचा सभासद झाला, आणि त्याच नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला ‘भ्रष्ट कला’ म्हणून जे प्रदर्शन भरवलं त्यात ही नऊ चित्रं ठळक जागी टांगली. दुसरीकडे मार्क शागाल ज्यू. त्याच्या १९३८ च्या ‘व्हाइट क्रूसिफिक्शन’मध्ये येशूच्या कमरेला ज्यू लोकांची प्रार्थनेची शाल आहे, भोवती सिनेगॉग जळतंय, माणसं पोतं पाठीवर टाकून पळताहेत. येशूला खिळलं तेव्हा तो कोण होता, याची आठवण त्या वर्षी द्यायची हिंमत एका ज्यू माणसानं केली. बार्नेट न्यूमनही ज्यू. १९५८ ते १९६६ त्यानं क्रूसाच्या वाटेचे चौदा कॅनव्हास केले. त्यांत क्रूस नाही, माणूस नाही. कोऱ्या कापडावर उभ्या काळ्या, पांढऱ्या पट्ट्या. कमिटीपुढे हे न्या आणि भाकरीवर किती चर्चा होते बघा.

आपल्याकडे कोल्हापूरचे विनायक मासोजी ख्रिस्ती होते, शांतिनिकेतनात शिकवत होते. जामिनी रॉय ख्रिस्ती नव्हते, पण त्यांनी बंगालच्या पटांतले बदामी डोळे येशूला दिले. कृष्ण खन्नाही ख्रिस्ती नव्हेत. त्यांचे शिष्य दिल्लीच्या गल्लीतले फकीर आणि कामगार वाटतात. श्रद्धा मोजायची वजनकाटा-पद्धत यात कुठे बसत नाही. माझी आहे, पण रंग कालवताना ती कामाला आली असं छातीठोक सांगता येणार नाही. रंग बिघडल्यावर येते.

बिघडलेल्या चित्रांबद्दल एवढंच: फ्रान्सचा जॉर्ज रूओ, जो पोरवयात रंगीत काचांच्या कारखान्यात उमेदवारी करून आला आणि जन्मभर येशूच्या तोंडाभोवती काचेच्या शिशासारख्या जाड काळ्या रेघा ओढत राहिला, त्यानं दलालाच्या वारसांवर कोर्टात जाऊन आपली अपुरी चित्रं परत मिळवली आणि १९४८ मध्ये त्यांतली ३१५ जाळून टाकली. आता आपल्याच्यानं ही पुरी व्हायची नाहीत म्हणून. नवशिक्यांनी जाळू नयेत. कॅनव्हास महाग झाला आहे. वरून पांढरा मारावा.

प्रात्यक्षिक

शेवटी एक सोपा विषय देतो: नावेत झोपलेला येशू. मी सध्या तोच करतो आहे.

नावेचा अभ्यास करा. गालील समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचं तळं, २१ किलोमीटर लांब, १३ रुंद. मराठीत समुद्र म्हटल्यामुळे आम्ही नगरची पोरं उगाच घाबरून होतो. १९८६ मध्ये दुष्काळानं पाणी ओसरलं तेव्हा काठच्या चिखलात त्याच काळातली एक नाव सापडली, सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटरहून थोडी जास्त रुंद. डागडुजी करून करून वापरलेली, हाताला येईल ते लाकूड ठोकलेली. मी तिची मापं घेतली आणि पाण्यासाठी मुळा धरणावर जाऊन बसलो. वारा सुटला की तिथलं पाणी शिशासारखं होतं आणि काठावर फेस धरतो. अल्ट्रामरीन कमी, अंबर जास्त.

शिष्य झाले, वल्ही झाली, लाटा झाल्या. उशी झाली. उशी पुस्तकात आहे, ती मन लावून काढली. चेहऱ्याच्या जागी पांढरा गोल ठेवून तीन महिने झाले.

परवा आत्या आली होती. चहा घेऊन चित्रासमोर उभी राहिली, चष्मा नाकावर सरकवला, आणि म्हणाली, “ही तर बाईची उशी.”

मी पाहिलं. अभ्र्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं टाके घातलेले, वेलबुट्टी, आणि खाली ‘शुभ रात्री’, त्यातला ‘रा’ जरा उसवलेला. मी ती कधी आठवून काढली, मला माहीत नाही.

“मग तोंड का कोरं ठेवलंयस?” आत्या म्हणाली. “बाई नव्हती का झोपत तशीच? दोन खोल्या, अकरा माणसं, दादा दारू पिऊन आलेला, पोरं रडताहेत, पत्र्यावर पाऊस. ही आपली भिंतीकडे तोंड करून घोरतेय. आम्हीच उठवायचो, बाई, ऊठ, काहीतरी बोल त्याला. उठली की एक शब्द बोलायची आणि घर गप्प.”

चहा निवला. आत्यानं बशीत ओतून पिऊन टाकला आणि बसची वेळ झाली म्हणून गेली.

बाईचं नाक बसकं होतं, शेंड्याला जाड, डाव्या बाजूला चमकीचं बुजलेलं भोक. काल रात्रीपासून चार वेळा काढून पुसलं आहे. पांढरा दुप्पट घ्या म्हटलं होतं ते याचसाठी.